पहिली मतदारयादी आणि गाळलेली नावे

धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूचा बराचसा वेळ नोंदवह्यांच्या सहवासात जातो, याची भाविकांना सहसा कल्पना नसते. विवाहाचे ठरले, नोकरीसाठी परदेशी जायचे ठरले किंवा वडिलोपार्जित जमिनीचा वाद उभा राहिला, की कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि कपाटातील जाड पुठ्ठ्याच्या वह्या खाली काढाव्या लागतात. विवाहाची वही प्रत्येक धर्मग्रामात ठेवलीच पाहिजे, असा दंडक ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली घालून दिला. स्नानसंस्काराच्या नोंदीत आम्ही बालकाच्या नावासोबत पित्याचे नाव लिहितो, मातेचे नाव लिहितो, मातेचे माहेरचे आडनावही लिहितो. पुढे त्या बालकाचा दृढीकरण संस्कार झाला, विवाह झाला, तर त्याची नोंद त्याच ओळीच्या समासात होते. एखादी नोंद राहून गेल्याचे चाळीस वर्षांनी ध्यानात आले, तरी साक्षीपुरावा पाहून ती करून घेता येते. आमची वही कधी बंद होत नाही.

सरकारी मतदारयादी मात्र बंद होते. तिला एक तारीख असते. त्या तारखेच्या आत ज्याचे नाव आले तो मतदार आणि ज्याचे राहिले तो, तेवढ्या निवडणुकीपुरता का होईना, केवळ प्रेक्षक. मताधिकाराचा इतिहास लिहिताना आपण लढे, कायदे आणि पुढारी यांच्याविषयी पुष्कळ लिहितो. या तारखेविषयी फारसे कोणी लिहीत नाही. या लेखात तिचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

विषय मनात येण्याचे कारण थोडे वैयक्तिक आहे. संविधानाच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आणले आणि ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो व सेमिनरीत शिकत होतो. गावच्या घरी नावे लिहून घ्यायला शिक्षक आले, तेव्हा वडिलांनी प्रामाणिकपणे सांगितले की थोरला मुलगा सध्या येथे राहत नाही. सेमिनरीत माझे नाव घालण्याचे मला सुचले नाही आणि जेव्हा सुचले तेव्हा मुदत सरली होती. दोन्ही घरांत माझी जागा होती, यादी मात्र एकाही ठिकाणची मला ओळखत नव्हती. यात दोष कोणाचाच नव्हता, असला तर माझाच होता. पण मतदानाच्या दिवशी सोबतचे काही ब्रदर बोटाला शाई लावून परतले, तेव्हा अधिकार असणे आणि यादीत असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला प्रथम उमगले.

स्वातंत्र्यापूर्वीची स्थिती आधी थोडक्यात पाहू. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळांसाठी मत देण्याचा अधिकार सुमारे तीन कोटींहून थोड्या अधिक लोकांना होता. त्यासाठी मालमत्ता, कर वा शिक्षण यांपैकी काही असावे लागे. स्त्रियांचे प्रमाण त्यात फारच अल्प होते. पतीच्या मालमत्तेच्या आधारे जिला मत मिळावयाचे, तिने काही प्रांतांत स्वतः अर्ज करून नाव घालून घ्यावे, अशी तरतूद होती. पुरुषाचे नाव कारकून आपण होऊन लिही; पत्नीने मात्र मागायला यायचे. त्या काळी कितीजणी सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेल्या असतील, याची वाचकांनीच कल्पना करावी. यादीही एक नव्हती. मुसलमानांची वेगळी, युरोपियनांची वेगळी, हिंदी ख्रिस्ती लोकांचीही वेगळी. मुंबई प्रांताच्या विधानसभेत एकशे पंचाहत्तर जागा होत्या आणि त्यांपैकी तीन हिंदी ख्रिस्ती समाजासाठी राखून ठेवल्या होत्या.

ही वेगळी दालने संविधान सभेने मोडून टाकली. राखीव जागा सोडण्याच्या विचाराला पुढे नेणाऱ्यांत सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते, आणि मद्रासकडून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा यांचाही त्याला पाठिंबा होता. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचे ठरले. संविधानाच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी राहील आणि धर्म, वंश, जात वा लिंग या कारणास्तव कोणालाही तीतून वगळता येणार नाही, असे ठरवून दिले. आपल्या समाजाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. राखीव जागा गेली; उरले ते सर्वांच्या यादीतील आपले एक नाव. ते नावही राहून गेले, तर मागे काहीच उरत नाही.

गंमत अशी की, ही यादी करण्याचे काम संविधान पूर्ण होण्याची वाट पाहत थांबले नव्हते. संविधान सभेच्या सचिवालयाने नोव्हेंबर १९४७ पासूनच, म्हणजे फाळणीच्या कत्तली पुरत्या थांबल्याही नव्हत्या तेव्हा, प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या यादीचा विचार सुरू केला. मार्च १९४८ मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना सूचना गेल्या. १ जानेवारी १९४९ रोजी ज्याचे वय एकवीस पूर्ण होईल, आणि ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात जो किमान १८० दिवस त्या ठिकाणी राहिला असेल, त्याचे नाव लिहावे, असे त्यांत म्हटले होते. पुढे कायदा झाल्यावर या तारखा सरकल्या, पण पहिली घडी या दोन तारखांवर बसली.

वाचताना ही अट किती साधी आणि रास्त वाटते! मनुष्य जिथे राहतो तिथे त्याचे नाव असावे, एवढेच तर तीत म्हटले आहे. परंतु १८० दिवस ३१ मार्चपासून मागे मोजत गेलो की ४ ऑक्टोबर १९४७ ही तारीख येते. त्या तारखेनंतर ज्याने नव्या गावात पाऊल ठेवले, त्याचे १८० दिवस भरणे शक्यच नव्हते. आणि त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर पाऊल ठेवणारे कोण होते? पंजाबातून काफिल्यांनी निघालेले, पूर्व बंगालमधून महिनोन्महिने येत राहिलेले, आणि आमच्या मुंबईच्या दाराशी म्हणावे तर कराचीहून जहाजाने उतरलेले सिंधी. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर तेथील हिंदूंचा ओघ अनेक पटींनी वाढला. त्यांतील हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. तेच पुढचे उल्हासनगर. १९५१ च्या खानेसुमारीत पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांची संख्या सत्तर लाखांवर भरली. घर गेले, शेत गेले, आणि आता एका साध्या, रास्त अटीमुळे नव्या देशाच्या यादीतूनही ते गेले असते. ती अट लिहिणाऱ्याच्या मनात त्यांच्याविषयी दुष्टावा होता असे नाही. तारीख ठरवताना तो त्यांना विसरला होता, इतकेच.

निर्वासितांच्या संघटनांनी पत्रांचा वर्षाव केला. आणि सचिवालयाने, हे विशेष मानले पाहिजे, ती पत्रे वाचली. १९४८ च्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत विचारविनिमय झाला आणि असे ठरले की, या गावात वा शहरात आपण कायमचे राहणार आहोत एवढे निर्वासिताने सांगितले तरी त्याचे नाव लिहून घ्यावे. तो तेथे किती दिवस राहिला हे पाहू नये. कागद नाही, दाखला नाही, नुसता शब्द. ज्याच्यापाशी शब्दाखेरीज काही उरलेले नाही त्याचा शब्द ग्राह्य मानावा, हा निर्णय कारकुनी भाषेत लिहिलेला असला तरी मला तो त्या काळातील थोर निर्णयांपैकी एक वाटतो. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेने ठराव करून त्यावर शिक्कामोर्तब केले.

आता दुसरी, आणि माझ्या मते अधिक गंभीर, हकीकत.

निर्वाचन आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. सेन हे सनदी सेवेतील अधिकारी, गणिताचे पदवीधर, अबोल प्रकृतीचे गृहस्थ. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. आपल्या कामाचा अहवाल मात्र त्यांनी लिहिला आणि त्यातील काही पाने कोणत्याही आठवणींपेक्षा बोलकी आहेत. याद्या टंकलिखित करण्यासाठी व जुळवण्यासाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमण्यात आले होते; छपाईला तीन लाख ऐंशी हजार रिमे कागद लागला. एकूण मतदार भरले सतरा कोटी बत्तीस लाख. त्यांत स्त्रिया होत्या सुमारे आठ कोटी.

काम बरेच पुढे गेल्यावर एक गोष्ट आयोगाच्या नजरेस आली. उत्तरेकडील काही राज्यांत स्त्रियांची नावे नावांनी लिहिलेलीच नव्हती. अमक्याची आई, तमक्याची बायको, अमुक याची सून, अशा नोंदी पानांमागून पाने भरलेल्या होत्या. घराच्या दारात उभ्या असलेल्या परक्या पुरुषाला, मग तो तलाठी असो वा शिक्षक, घरातील स्त्रीने आपले नाव सांगायचे नाही, ही तेथील रीत. आणि घरातील पुरुषाने तरी ते कशाला उच्चारावे! नोंद करणाऱ्यानेही आग्रह धरला नाही. त्यालाही पुढची घरे गाठायची होती, आणि त्याच्या स्वतःच्या घरात तरी वेगळे काय होते?

हे वाचून आपण हसू नये. शुभवर्तमानातही पेत्राची सासू भेटते, जब्दीच्या मुलांची आई भेटते, विहिरीवर आलेली शमरोनी स्त्री भेटते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आमच्या वसईच्या बाजूलाही वृद्ध बायकांना अर्धा गाव मुलांच्या नावानेच ओळखतो. महाराष्ट्रात पूर्वापार संकोच होता तो पतीचे नाव घेण्याचा, म्हणून तर उखाणे आले. स्वतःचे नाव सांगण्याची बंदी तितकी कडक नव्हती. शिवाय स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदरी पद्धत येथे रुळलेली होती. मुंबई राज्याचे नाव सेन यांच्या त्या तक्रारीत आढळत नाही, त्याचे कारण यातच असावे, असा माझा तर्क आहे. तो चुकीचाही असू शकेल.

सेन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. आहेत तशा नोंदी ठेवायच्या व मतदानाच्या दिवशी गावकऱ्यांनी ओळख पटवली की मत देऊ द्यायचे, ही एक वाट. ती सोपी होती, आणि त्या वाटेने गेले असते तर कोणी फारशी ओरडही केली नसती. सेन यांनी दुसरी वाट धरली. नाव हा मतदाराच्या ओळखीचा अविभाज्य भाग आहे, नावावाचून नोंद ग्राह्य धरता येणार नाही, नावे दुरुस्त करून घ्या, नाहीतर ती नोंद गाळावी लागेल, असे त्यांनी कळवले. राजकीय पक्षांना, स्त्रियांच्या संस्थांना सहकार्याचे आवाहन केले.

येथे पुन्हा तारीख आडवी आली. याद्या छापायच्या होत्या, निवडणूक लांबता लांबता १९५१ च्या अखेरीवर आली होती. बिहारमध्ये नावे दुरुस्त करण्यासाठी एक महिन्याची खास मुदतवाढ देण्यात आली. तिचा चांगला उपयोग झाला आणि तेथील स्त्रियांच्या नोंदी पुष्कळशा सुधारल्या, असे सेन यांनी नमूद केले आहे. राजस्थानातही तशीच मुदतवाढ दिली गेली. तेथे प्रतिसाद फारच थोडा मिळाला.

या दोन वाक्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. एकाच आयोगाने दिलेली एकाच प्रकारची मुदतवाढ. एके ठिकाणी ती उपयोगी पडली आणि दुसरीकडे वाया गेली. तिची वार्ता दारापर्यंत कोणी नेली, दारातून आत कोणाला जाता आले, आत गेल्यावर तेथील सासऱ्याला कोणी समजावले, यांवर तो महिना सार्थकी लागणार की फुकट जाणार हे ठरले असले पाहिजे. ज्या घरात परक्या पुरुषाला नाव सांगत नाहीत, तेथे तोच पुरुष महिन्याभराने पुन्हा आला म्हणून नाव सांगितले जाईल, ही अपेक्षाच चुकीची. पाठवायला हव्या होत्या स्त्रिया. आणि लिहिता-वाचता येणाऱ्या, घरोघर फिरू शकतील अशा स्त्रिया त्या राज्यांत किती होत्या, हा पुन्हा वेगळा प्रश्न.

मुदत संपली आणि नावे गाळली गेली. सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया. त्यांतील बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतल्या. आठ कोटींत अठ्ठावीस लाख म्हणजे शंभरात साडेतीन. आकडा लहान वाटतो खरा. पण त्या गावांत तो शंभरात साडेतीन नव्हता. कुठे एखादी आळीच्या आळी कोरी राहिली असेल. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलमधील चिनी तहसिलीत, बर्फ पडण्याच्या आत, देशातील पहिली मते पडली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत मतदान चालले. या अठ्ठावीस लाखजणींच्या दारावरून तेव्हा प्रचाराच्या मिरवणुका गेल्या असतील. कोणी त्यांच्याकडे मत मागितलेही असेल.

सेन यांचा निर्णय योग्य होता का? बहुतेक इतिहासकार त्यांची बाजू घेतात, आणि तत्त्वाचा विचार केला तर मीही घेतो. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच यादीत स्त्रीची ओळख पुरुषाच्या नात्याने झाली असती, तर ती पद्धत पुढे मोडणे दुरापास्त झाले असते. पुढल्या निवडणुकीपर्यंत या नोंदी सुधारतील, ही त्यांची अपेक्षा होती, आणि नावाविषयीचा हा अडसर पुढे खरोखरच ओसरला. तरीही मनातली एक खंत जात नाही. चूक केली होती नोंद करणाऱ्यांनी. ती ध्यानात आली उशिरा, तीही वरिष्ठांच्या. दंड मात्र भरला त्या बायकांनी. मुदतीचा स्वभाव असाच असतो. चूक वरच्या टेबलावर झालेली असली तरी शेवटच्या तारखेला ती खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याच्या पदरी पडते.

हे केवळ आपल्या देशापुरते खरे नाही. मुदतीचा मतदानावर किती परिणाम होतो, हे अभ्यासकांनी बारकाईने मोजले ते अमेरिकेत, कारण तेथे पद्धतच निराळी. आपल्याकडे सरकारचा माणूस मतदाराच्या दारी येतो. तेथे मतदाराने सरकारच्या दारी जावयाचे. आणि ते दार केव्हा उघडे ठेवायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुष्कळ काही असते. अलाबामातील सेल्मा गावात नोंदणीची कचेरी १९६० च्या दशकाच्या आरंभी महिन्यातून दोनच सोमवार उघडत असे. त्या परगण्यात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय होते सुमारे पंधरा हजार; त्यांपैकी यादीत होते १५६. सरकारने चार वर्षे कोर्टकज्जे केले तेव्हा ते ३८३ झाले. आकडे खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातले आहेत.

सेल्माच्या रस्त्यावर मार्च १९६५ मध्ये लाठ्या चालल्या. त्यानंतर तीन दिवसांनी सेंट लुईसहून आलेल्या सहा धर्मभगिनी आपल्या झग्यांसह मोर्च्याच्या अग्रभागी उभ्या राहिल्या. त्यांत सिस्टर मेरी अँटोना एबो या कृष्णवर्णीय होत्या. आपल्या वाचकांना या गोष्टीचा अभिमान वाटेल आणि वाटावाही. परंतु इतिहास लिहायचा तर पुरता लिहावा. त्याच धर्मप्रांताचे आर्चबिशप टूलेन यांना धर्मगुरू व भगिनींनी मोर्च्यात उतरणे नापसंत होते, आणि सेल्मात कृष्णवर्णीयांमध्ये काम करणाऱ्या फादर मॉरिस वेलेट यांना त्याच वर्षी त्यांनी गाव सोडायला लावले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला, तेव्हा फादर सेल्मात नव्हते.

उघड अडथळे त्या कायद्याने दूर झाले, तारीख राहिली. टेनेसी राज्यात मत द्यायला वर्षभराचे वास्तव्य लागे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती अट रद्द केली आणि कागदपत्रे तपासायला तीस दिवस पुरेसे आहेत, असे म्हटले. पुढल्याच वर्षी मेन आणि मिनेसोटा या राज्यांनी मतदानाच्या दिवशीच नाव घालण्याची सोय केली. रेमंड वोल्फिंगर आणि स्टीव्हन रोझनस्टोन या दोन अभ्यासकांनी १९७२ च्या निवडणुकीचे आकडे तपासून १९८० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्व राज्यांनी नोंदणीचे सर्वांत सैल नियम ठेवले असते, तर मतदान शेकडा नऊने वाढले असते, असा त्यांचा अंदाज होता. नोंदणी बंद होण्याची तारीख मतदानापासून जितकी दूर, तितकी माणसे गळतात. आणि गळतात ती बहुधा कमी शिकलेली, नुकती घर बदललेली, तरुण माणसे. कारण साधे आहे. निवडणुकीची चर्चा रंगते ती शेवटच्या पंधरा दिवसांत, आणि तोवर दार लागलेले असते.

आपल्याकडे उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. दुरुस्तीची मागणी अर्थात त्याच्या कितीतरी दिवस आधी पोहोचायला हवी. वयाची तारीखही अनेक दशके १ जानेवारी ही एकच होती. २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीने वर्षातून अशा चार तारखा आल्या. स्त्रियांपुरते पाहिले, तर १९६२ साली शंभर पुरुष मतदारांपैकी त्रेसष्ट आणि शंभर स्त्री मतदारांपैकी सत्तेचाळीसच्या आसपास मतदानाला आल्या होत्या. २०१९ साली स्त्रियांची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली. अठ्ठावीस लाख नावे गाळल्याला तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती. ज्या बिहारला एका महिन्याची सवलत मिळाली होती, त्याच बिहारमध्ये २४ जून २०२५ रोजी यादीची विशेष सखोल फेरतपासणी जाहीर झाली. सात कोटी एकोणनव्वद लाखांची यादी १ ऑगस्टच्या मसुद्यात सात कोटी चोवीस लाखांवर आली. मृत, स्थलांतरित, दुबार नोंदी गाळल्या, असे आयोगाने सांगितले. खरे मतदारही गळाल्याची तक्रार झाली. गाळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला, आणि अखेरची यादी सात कोटी बेचाळीस लाखांची झाली. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे. मृताचे नाव यादीत राहू नये हे आम्हा नोंदवहीवाल्यांना कोणी सांगायला नको. मी फक्त त्या दोन तारखांकडे पाहतो, मसुद्याच्या आणि हरकतींच्या, आणि त्यांच्या मधल्या तीस दिवसांत कोण कोणाच्या दारी गेले असेल, याचा विचार करतो.

आमच्या धर्मग्रामात गेल्या काही निवडणुकांच्या आधी तरुण मंडळी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात टेबल मांडून बसतात आणि यादीतील नावे तपासून देतात. एका खेपेस शेवटच्या दिवशी दुपारी एक आजी आल्या. वय ऐंशीच्या घरात. यादीत त्यांचे नाव सापडेना. मुलांची सापडली, सुनांची सापडली. मुलांपैकी एकजण म्हणाला, “फादर, त्यांना सगळे थोरल्याची आई म्हणूनच ओळखतात, आम्ही कुठल्या नावाने शोधायचं?” आजींनी जे नाव सांगितले ते लाडाचे होते, ते आधारच्या कार्डावर एका प्रकारे आणि शिधापत्रिकेवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते. मी कार्यालय उघडले आणि स्नानसंस्काराची वही काढली. शाई फिकी झाली होती, पण ओळ शाबूत होती: त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे, आईचे, आईचे माहेरचे आडनाव, आणि समासात विवाहाची तारीख.

मी नाव मोठ्याने वाचले. आजी म्हणाल्या, “हो फादर, तेच. लग्नात धर्मगुरूंनी घेतलं होतं, त्यानंतर कोणी घेतलं नाही.”

त्या नावाने शोधल्यावर नोंद मिळाली. ती शेजारच्या गावच्या भागात, माहेरच्या आडनावाखाली पडली होती. साठ वर्षांपूर्वी त्या गावातून त्या नवरी होऊन निघाल्या होत्या. स्थलांतराचा अर्ज पाचच्या आत द्यावयाचा होता. एका मुलाने त्यांना मोटारसायकलवर बसवले नाही, रिक्षा आणली, आणि सव्वाचार वाजता ती मंडळी फाटकातून बाहेर पडली.